कागद आणि छप्पर

गेल्या महिन्यात आमच्या घराला रंग द्यावयाचे ठरले, आणि त्या निमित्ताने माझ्या खोलीतील दोन कपाटे रिकामी करण्याचा प्रसंग आला. घरातील इतर वस्तूंचा काही ना काही उपयोग असतो, किंवा तो होईल अशी आशा तरी असते. माझ्या कपाटांतील वस्तूंविषयी तशी आशा कुणीच धरलेली नव्हती. अहवाल, टिपणे, परिसंवादांची कार्यवृत्ते, समित्यांचे मसुदे, असे चौतीस वर्षे राज्यशास्त्र शिकवून मनुष्य जे काही साठवतो ते सारे तेथे होते. सूनबाईंनी आदराने, पण ठामपणे विचारले, "बाबा, यातलं रद्दीत काय द्यायचं?" प्रश्न अगदी साधा होता. परंतु यातले ठेवण्यासारखे काय आहे, हा दुसरा प्रश्न त्याच्या पोटात होता, आणि त्याचे उत्तर देणे मला वाटले तितके सोपे गेले नाही.

रद्दीवाला आला, त्याने अंगणात तराजू मांडला. विकेंद्रीकरणावरचा आमचा परिसंवाद दीड किलो भरला. निवडणूक-पद्धतीतील सुधारणांना त्याने वजनात घेतले, पण त्यांचे पुठ्ठ्याचे वेष्टन फाडून बाजूस टाकले. त्या गृहस्थाचा व्यवहार चोख होता. कागदावर काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते; कागद कोरडा आहे की ओला, एवढेच तो पाहत होता. त्याच्याकडे पाहता पाहता मी दोन जुडगी उचलून मांडीवर घेतली. एक जाड होते. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाच्या एका निकालपत्राची ती छायाप्रत. दुसरे अगदी पातळ, आम्हीच पूर्वी लिहिलेला एक अहवाल. आधी पहिल्याविषयी सांगतो. दुसऱ्याविषयी बोलण्याचे धैर्य मला पहिल्यानेच दिले.

हे निकालपत्र मजकडे २००१ साली आले. माझा एक जुना विद्यार्थी वकिलीच्या वरच्या अभ्यासासाठी परदेशी गेला होता. त्याने ते पाठविले आणि सोबत एक ओळ लिहिली: "सर, न्यायालयाचा मित्र म्हणून कोण उभे राहिले आहे ते अवश्य पाहा." पाहिले तर तेथे एका विद्यापीठातील अभ्यास-केंद्राचे नाव होते. त्या नावामागची हकीकत मी पुढे मिळेल तेथून वाचून जमवली. केप टाउन मी पाहिलेले नाही. परंतु काही गावे पाहिल्यावाचूनही आपल्या ओळखीची होतात. हे गाव माझ्यापुरते तसे झाले आहे.

केप टाउनच्या पूर्वेस वाळूचा, वाऱ्याने झोडपलेला एक सपाट मुलूख आहे. त्याला केप फ्लॅट्स म्हणतात. वर्णभेदाच्या राजवटीने शहरातील चांगली वस्ती गोऱ्यांसाठी राखून इतरांना तेथे नेऊन टाकले. १९६६ मध्ये 'डिस्ट्रिक्ट सिक्स' नावाचा शहरातला जुना, गजबजलेला भाग केवळ गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला, आणि पुढील वर्षांत तेथून साठ हजारांवर माणसे हलविण्यात आली. माणसे अशी वाटून टाकली की त्यांच्या शाळाही वाटाव्या लागतात. १९५९ च्या कायद्याने प्रत्येक वर्णासाठी वेगळी महाविद्यालये काढण्याचे ठरले आणि १९६० मध्ये बेलव्हिल येथे 'मिश्रवर्णीय' म्हणून ज्यांची नोंद होती त्यांच्यासाठी एक महाविद्यालय उघडले. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते १६६. आसपास झाडोरा होता, म्हणून लोक त्याला 'बुश' म्हणत. आपण रानातले कॉलेज म्हणू. त्यात थोडी थट्टा होती आणि बरीच चीड होती. त्या तरुणांनी दुय्यम नोकऱ्यांपुरते शिकावे आणि पायरी ओळखून राहावे, हाच सरकारचा हेतू होता.

परंतु मनुष्याला वाचावयास शिकवून पुढे त्याने काय वाचावे हे ठरविणे कोणत्याही सरकारला साधलेले नाही. रानातल्या त्या कॉलेजाचे १९७० मध्ये वेस्टर्न केप विद्यापीठ झाले. १९८२ मध्ये, ज्या वर्णविचारावर त्याची स्थापना झाली होती तोच विचार त्याने उघडपणे नाकारला. १९८७ मध्ये जेक्स गर्व्हेल कुलगुरू झाले आणि त्यांनी विद्यापीठ डाव्या चळवळीचे बौद्धिक घर व्हावे असा निर्धार जाहीर केला. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने असे बोलणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुदानावर संस्था चालविल्या आहेत त्यांस सांगावयास नको.

मग १९९० साल उजाडले. २ फेब्रुवारीस आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरील बंदी उठली, ११ फेब्रुवारीस नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले. आपण त्या दिवसांची छायाचित्रे पाहिली आहेत. उंचावलेली मूठ, रस्तोरस्ती लोटलेली गर्दी. या छायाचित्रांत जे दिसत नाही तेच मला येथे सांगावयाचे आहे. ज्या पक्षाने सत्तावीस वर्षे तुरुंगात आणि तीस वर्षे परदेशात काढली, त्याला आता सरकारशी वाटाघाटीस बसावयाचे होते. समोर बसणाऱ्यांजवळ खाती होती, सचिव होते, कायदेपंडितांची फौज होती. यांच्याजवळ न्याय्य बाजू होती. पण प्रांतांना अधिकार किती द्यावे, मतदानाची पद्धत कोणती असावी, ज्याची जमीन हिसकावून घेतली त्याचा हक्क आणि ज्याच्या नावावर ती आज आहे त्याचा हक्क यांची सांगड कशी घालावी, हे प्रश्न बाजू न्याय्य आहे एवढ्याने सुटत नाहीत. त्यासाठी रात्री जागून दहा देशांची संविधाने कुणीतरी वाचावी लागतात.

ते काम ज्या जागी झाले त्यांपैकी एक म्हणजे या विद्यापीठात त्याच वर्षी निघालेले 'कम्युनिटी लॉ सेंटर'. त्याचे पहिले संचालक अब्दुल्ला ऊर्फ डुल्ला ओमर. हे भारतीय वंशाच्या मुस्लिम कुटुंबातील वकील. रॉबेन बेटावरील कैद्यांची वकिली करीत त्यांचे आयुष्य गेले होते. सरकारच्या एका गुप्त पथकाने त्यांच्या हृदयविकाराच्या गोळ्यांच्या जागी विष ठेवण्याचा बेत केला होता. तो तडीस गेला नाही, म्हणून ते वाचले. त्याच विद्यापीठात कादर अस्मल मानवी हक्क शिकवीत होते. केंद्राच्या कामात ब्रिजिट माबांडला होत्या. अल्बी सॅक्स परत आले होते. १९८८ मध्ये मापुटो येथे मोटारीत ठेवलेल्या बाँबने त्यांचा उजवा हात आणि एका डोळ्याची दृष्टी गेली होती. उरलेल्या हाताने हा मनुष्य नव्या देशाच्या हक्कांच्या सनदेवर लिहू लागला. स्त्रियांचे हक्क, मुलांचे हक्क, स्थानिक स्वराज्य, प्रांतांचे अधिकार या विषयांवर केंद्रात अभ्यास चाले आणि त्यातील विचार वाटाघाटींच्या मेजापर्यंत जात.

हे वाचीत असता आम्हां पुणेकरांस गोखल्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९१२ च्या ऑक्टोबरात नामदार गोखले याच केप टाउनच्या बंदरात उतरले होते. मुदत संपलेल्या हिंदी मजुरांवर वर्षाला तीन पौंडांचा कर होता, तो उठवावा म्हणून ते मंत्र्यांना भेटावयास गेले, आणि भेटीपूर्वी त्यांनी त्या प्रश्नाचा असा अभ्यास केला की गांधीजीही चकित झाले. तेथील कोकणी मुसलमानांना आणि महाराष्ट्रीयांना आनंद वाटेल म्हणून गांधीजींनी त्यांना मराठीत बोलण्याची गळ घातली आणि दुभाष्याचे काम आपल्याकडे घेतले. तुम्हांला मराठी कधीपासून येऊ लागले, म्हणून गोखल्यांनी त्यांची थट्टाही केली. कर पुढे सत्याग्रहानंतर १९१४ मध्ये रद्द झाला. तुरुंगात गेलेल्या मजुरांनीच तो घालविला, हे खरे. पण आकडे पाठ करून मंत्र्यासमोर बसणे हीही एक देशसेवा आहे, हा धडा आमच्या पिढीने गोखल्यांच्या नावानेच गिरविला. मी अहवाल लिहू लागलो तो याच श्रद्धेने.

आता केंद्राच्या कामातील एका मुद्द्यापाशी थांबतो, कारण पुढील सारे त्यावर अवलंबून आहे. घर, अन्न, औषध, शिक्षण यांचे संविधानात काय करावयाचे? आपल्या घटनाकारांनी या गोष्टी मुख्यतः मार्गदर्शक तत्त्वांत घातल्या. राज्यकारभारात ही तत्त्वे मूलभूत मानावीत, परंतु त्यांची अंमलबजावणी न्यायालयाकडून करवून घेता येणार नाही, असे ३७ वे कलम सांगते. ती केवळ सदिच्छा आहेत या आक्षेपाला डॉ. आंबेडकरांनी घटना-समितीत उत्तर दिले होते: सत्तेवर येणाऱ्याला न्यायालयात जाब द्यावा लागला नाही तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे द्यावा लागेल. दक्षिण आफ्रिकेच्या घटनाकारांपुढे आपला आणि आयर्लंडचा हा दाखला होता. त्यांनी तो पाहिला आणि वेगळी वाट धरली. घराचा हक्क त्यांनी थेट हक्कांच्या सनदेत, २६ व्या कलमात घातला. आपल्या ऐपतीनुसार, क्रमाक्रमाने, पण वाजवी उपाय योजून सरकारने तो पुरा करावा. आणि न्यायालयाच्या हुकुमावाचून कुणालाही घराबाहेर काढू नये. अशा हक्कांसाठी आग्रह धरणाऱ्यांत हे केंद्र होते. संविधानावर १० डिसेंबर १९९६ रोजी मंडेलांनी शार्पव्हिल येथे सही केली. ४ फेब्रुवारी १९९७ पासून ते अमलात आले.

दरम्यान १९९४ च्या निवडणुका झाल्या आणि लग्न उरकल्यावर मांडव रिकामा व्हावा तसे त्या विद्यापीठाचे झाले. ओमर न्यायमंत्री झाले. अस्मल पाणीपुरवठा खात्याचे मंत्री झाले. गर्व्हेल राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीचे प्रमुख झाले. सॅक्स संविधान न्यायालयात न्यायाधीश म्हणून गेले, माबांडला पुढल्या वर्षी उपमंत्री झाल्या. ज्या खोल्यांत नव्या राज्याची चर्चा झाली त्यांतील माणसे राज्य करावयास निघून गेली. मागे कपाटे राहिली आणि काही तरुण अभ्यासक राहिले. अशा वेळी अशा संस्थेचे सहसा काय होते हे आपण जाणतो. तिची समाधी होते किंवा ती दिवाणखाना होते. एक तर गतवैभवाच्या आठवणी सांगत ती दिवस काढते, नाही तर आपल्याच माणसांच्या सरकाराला हवे तसे अहवाल लिहून देते. दुसरा प्रकार अधिक सुखाचा असतो.

या केंद्राने तिसरा मार्ग धरला. केप टाउनजवळ वॉलेसडीन नावाची झोपड्यांची वस्ती होती. पाणी साचणारी जमीन, बहुतेक घरांत ना वीज ना नळ. तेथील कित्येकांची नावे सरकारी घरांच्या यादीत सात सात वर्षे पडून होती. कंटाळून काही कुटुंबे जवळच्या एका मोकळ्या खाजगी जमिनीवर जाऊन राहिली. १९९९ च्या मे महिन्यात, तिकडला पावसाळी हिवाळा तोंडावर असता, त्यांना तेथून हुसकण्यात आले; झोपड्यांवर यंत्रे चालविली, त्या जाळल्या, आतली चीजवस्तूही गेली. ३९० प्रौढ माणसे आणि ५१० मुले एका खेळाच्या मैदानावर प्लास्टिकखाली येऊन पडली. त्यांतील आयरिन ग्रूटबूम या बाईच्या नावाने दावा लागला. प्रांताच्या उच्च न्यायालयाने मुलांच्या हक्काचा आधार घेऊन मुलांना, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आईबापांना, आसरा द्यावा असा निकाल दिला. सरकारने त्यावर अपील केले.

या अपिलात मानवी हक्क आयोगाबरोबर 'न्यायालयाचा मित्र' म्हणून कम्युनिटी लॉ सेंटर उभे राहिले. त्याचे म्हणणे असे, की ज्याला मूल नाही त्यानेही उघड्यावर का पडावे? २६ वे कलम सर्वांसाठी आहे, आणि निदान किमान आसरा देण्याचे बंधन त्यातूनच सरकारवर येते. हे म्हणणे कोणाच्या सरकारविरुद्ध होते ते ध्यानात घ्या. त्या दिवशी केंद्राचे पहिले संचालक ओमर मंत्रिमंडळात होते, अस्मलही होते. ज्यांनी हे कलम घडविण्यासाठी आयुष्य वेचले त्यांच्याच सरकारला त्यांच्याच अभ्यासिकेतील मुलांनी हे कलम वाचून दाखविले.

४ ऑक्टोबर २००० रोजी निकाल लागला. तो न्या. झॅक याकूब यांनी लिहिला. हे दरबानचे, भारतीय वंशाचे. लहानपणीच दृष्टी गेलेले. 'किमान आसऱ्या'ची केंद्राची मांडणी न्यायालयाने जशीच्या तशी स्वीकारली नाही. परंतु ज्यांच्या डोक्यावर आज काहीच नाही त्यांच्यासाठी काहीही सोय नसलेला घरांचा कार्यक्रम वाजवी म्हणता येणार नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. दोन वर्षांनी, जुलै २००२ मध्ये, मातेकडून बाळाला एड्सची बाधा होऊ नये म्हणून द्यावयाचे औषध सरकारी इस्पितळांत अडवून धरल्याबद्दल त्याच न्यायालयाने सरकारला दोष दिला. त्याही दाव्यात हे केंद्र न्यायालयाचे मित्र म्हणून उभे होते.

असो. आता त्या पातळ जुडग्याकडे येतो.

आम्ही चार-पाच अध्यापक मिळून एक अभ्यास-मंडळ चालवीत असू. शहरातील झोपडवस्त्यांचे पुनर्वसन कसे व्हावे यावर आम्ही एक अहवाल लिहिला. वस्त्यांतून हिंडलो, माणसांशी बोललो. आधी सूचना द्यावी, दुसरी जागा दाखवावी, मुलांच्या शाळेचे पाहावे, आणि काही झाले तरी पावसाळ्यात घरे पाडू नयेत, अशा शिफारशी केल्या. पुढे आमच्यातील एक स्नेही सत्तेच्या जागी जाऊन बसले. आम्हांला धन्य वाटले. अहवाल आता कपाटात राहणार नाही असे आम्ही एकमेकांस सांगितले. १९९७ च्या आषाढात त्यांच्याच अमलात नाल्याकाठची एक वस्ती पाडली गेली. तिसऱ्या दिवशी एक बाई माझ्या दारात आल्या. अहवालासाठी आम्ही ज्यांच्याशी बोललो होतो त्यांतल्याच त्या एक. पदर ओला होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक टंकलिखित अर्ज त्यांनी काढला आणि म्हणाल्या, "सर, पावसाळ्यात पाडू नये म्हणून तुम्हीच लिवलंय ना? मग हितं सही करा."

मी त्यांना बसविले, चहा दिला. "ते आपलेच आहेत, मी त्यांच्याशी बोलतो," असे म्हणालो. बोललोही. त्यांनी अडचणी सांगितल्या, "पुढल्या टप्प्यात पाहू" म्हणाले, आणि मला ते पटले. पटवून घेणे मला सोयीचे होते. नवे, चांगले माणूस आहे, त्याला अवसर द्यावा, विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नये, असे मी स्वतःस समजाविले. सही मी केली नाही. बाई पुन्हा आल्या नाहीत. त्या कोठे गेल्या हे मी विचारलेही नाही.

तीन वर्षांनंतरच्या त्या निकालपत्रात न्यायालयाच्या मित्राचे नाव वाचले तेव्हा विद्यार्थ्याने ते मला का पाठविले असेल असा विचार मनात आला. त्याला बहुधा काहीच ठाऊक नव्हते. मला मात्र पुरते ठाऊक होते. गोखल्यांचा धडा मी अर्धाच गिरविला होता. मंत्र्यासमोर आकडे घेऊन बसावयास मी शिकलो. तो मंत्री आपला स्नेही असेल तर काय करावयाचे, येथे माझी वही कोरी राहिली.

या हकीकतीचा शेवट गोड करून सांगण्याचा मोह मला आवरला पाहिजे. आयरिन ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या, त्या झोपडीतच. हक्काचे घर त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. जगभरच्या कायद्याच्या वर्गांत त्यांचे नाव शिकविले जात होते आणि त्यांच्या डोक्यावर पत्रा होता. मग कागदाचा उपयोग काय, हा रद्दीवाल्याचा प्रश्न त्याने न विचारताही माझ्यापुढे उभा राहतो. मजजवळ त्याचे उत्तर आहे, पण ते लहान आहे. त्या निकालानंतर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला आपत्तीत सापडलेल्यांच्या तातडीच्या निवाऱ्याचा वेगळा कार्यक्रम आखावा लागला, आणि हुसकल्या जाणाऱ्या माणसांनी कोठे जावे हा प्रश्न तेथील न्यायालयांत विचारला जाऊ लागला. कागदाने छप्पर बांधले नाही. पाडणाऱ्याचा हात मात्र तो काही वेळा धरून ठेवू शकला. त्यासाठीही तो कागद कुणीतरी योग्य वेळी, योग्य माणसासमोर, सही करून ठेवावा लागतो.

डुल्ला ओमर २००४ मध्ये निवर्तले. २०१५ मध्ये केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. ज्यांच्या सरकारविरुद्ध आपण बोललो त्यांचेच नाव संस्थेने अभिमानाने दारावर लावावे, यात मला विसंगती दिसत नाही. त्या घरात काय शिकविले गेले असेल, याची ती पावती आहे.

रद्दीवाल्याने हिशेब केला, पैसे सूनबाईंच्या हाती दिले आणि माझ्या मांडीकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, हे बी टाकायचं का?" मी अहवाल उघडून पाहिला. मधल्या पानांत तो अर्ज अजून होता. घड्यांवर पिवळा पडलेला, खाली सह्यांसाठी ओढलेली रेघ मोकळीच. आता त्यावर सही करून कुणाचे काही भले व्हावयाचे नाही. पण तो वजनावर घालण्याचा अधिकारही मला नाही. "नको, हे राहू दे," असे मी म्हणालो. रंग वाळल्यावर दोन्ही जुडगी त्याच कपाटात एकावर एक ठेवली आहेत. कपाट आता बरेच मोकळे दिसते.